हायपरबोला आणि हायपरबोली: मूळ एकच का?

प्रश्न: अतिशयोक्ती आणि अपास्त वक्र, दोन्हींना ग्रीक नाव एकच कसं?

उत्तर १: हुपेर म्हणजे पलीकडे, बालेइन म्हणजे फेकणे. बोलणं मर्यादेपलीकडे गेलं की अतिशयोक्ती. वक्राला हे नाव प्राचीन ग्रीक गणिती, पेर्गाच्या अपोलोनियसने दिलं, तेही क्षेत्रफळावरून. शिरोबिंदूपासून वक्राच्या अक्षावर x मोजा, अक्षाला लंब y मोजा; p ही वक्राची ठरावीक लांबी. y बाजूचा चौरस आणि p, x बाजूंचा आयत यांची तुलना करा: y² = px असेल तर अन्वस्त (पॅराबोला), y² कमी पडलं तर विवृत्त (लंबवर्तुळ), जास्त झालं तर अपास्त. p = 4, x = 1 घेऊन y² = 4x + x² मध्ये 5 येतात, म्हणजे 4 पेक्षा 1 जास्त.

उत्तर २: अपास्ताची उत्केंद्रता e (वक्र वर्तुळापासून किती वेगळा ते सांगणारी संख्या) 1 पेक्षा मोठी, त्यावरून नाव पडलं असं क्लासमध्ये सर्रास सांगतात, ते चूक. आणि मराठी संज्ञाही फेकण्याच्याच: अप + अस्त, अनु + अस्त. संस्कृत ‘अस्’, फेकणे. सूर्यास्ताशी घोळ नको.