मदत हवी आहे: पायथनमधून काट्याची सी लायब्ररी वापरली की सेगमेंटेशन फॉल्ट

शिरोली_फाटा:
एमआयडीसीतल्या फाउंड्रीचा वजनकाटा. काटेवाल्यांनी दिलेली सी लायब्ररी पायथनच्या सीटाइप्समधून (सीची फंक्शन्स पायथनमधून चालवणारं मॉड्यूल) वापरतोय. जुन्या ३२ बिट लिनक्सवर सुरळीत चालत होतं. नव्या ६४ बिट मशीनवर (लायब्ररीही ६४ बिटचीच आहे) स्केल_ओपन हँडल (उघडलेल्या काट्याचा मेमरीतला पत्ता) देतंय, पण तो स्केल_रीडला दिला की सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात) येऊन प्रोग्रॅम आडवा. एरर पकडायला लावलेल्या ट्राय-एक्सेप्टमध्ये काही सापडत नाही. हँडल छापला तर -१५४७४३१३२८ येतोय. गाड्या रांगेत आहेत, जरा लवकर सांगा.

उत्तरेश्वर_पेठ:
पत्ता कधी उणे असतोय का दादा? तिथंच चोर सापडला. रेसटाइप (फंक्शन कुठल्या प्रकारचं मूल्य परत देतं ते) लिहिलं नाही तर सीटाइप्स परतीचं मूल्य इंट (साधा पूर्णांक) धरतं, म्हणजे ४ बाइट. ३२ बिटला पॉइंटरही (म्हणजे पत्ता) ४ बाइटचाच, म्हणून खपून गेलं. आता तो ८ बाइटचा आहे, वरचे ४ कापले जातात. उरलेल्या तुकड्यातला सगळ्यात वरचा बिट १ असला की आकडा उणे दिसतो.

स्केल_ओपनचं रेसटाइप सी_व्हॉइड_पी (पॉइंटरचा प्रकार) करा. पण तेवढ्यावर थांबू नका. हँडल पायथनकडे साधा पूर्णांक म्हणून येतो आणि आर्गटाइप्स (फंक्शनला द्यायच्या मूल्यांचे प्रकार) नसतील तर पुढच्या फंक्शनला देताना लिनक्सवर पुन्हा गुपचूप कापला जातो. हँडल घेणाऱ्या प्रत्येक फंक्शनला आर्गटाइप्स लिहा, स्केल_क्लोजलासुद्धा. बहुतेक जण इथंच फसतात.

ट्राय-एक्सेप्टचा इथं उपयोग नाही, प्रोसेसच मरते. पायथन ‘-एक्स फॉल्टहँडलर’ देऊन चालवा, मरताना कुठल्या ओळीवर होतं ते सांगेल.

शिरोली_फाटा:
क्रॅश थांबला, आभार! पण वजन भलतंच येतंय. वजन ज्या स्ट्रक्टमध्ये (फील्ड्सचा गठ्ठा) येतं, त्यात आधी इंट स्टेटस, मग डबल (८ बाइटचा दशांश आकडा) वजन. हेडरमध्ये वर ‘प्रॅग्मा पॅक १’ (फील्ड्समध्ये मोकळी जागा नको) आहे.

मिसळ_मॅलॉक:
मग भलतंच येणार. लायब्ररी ४ + ८ = १२ बाइट लिहिते. पायथन मात्र ६४ बिटवर डबल ८ च्या पटीवर ठेवतं, मध्ये ४ बाइट मोकळे, एकूण १६. म्हणजे तुम्ही वजन अर्ध्यातनं वाचताय. ३२ बिट लिनक्सवर स्ट्रक्टमधला डबल ४ च्या पटीवर बसतो, म्हणून दोन्हीकडं १२ च होते. स्ट्रक्टच्या क्लासमध्ये _पॅक_ = १ लिहा, आणि ते _फील्ड्स_ च्या आधी. साइझऑफ (स्ट्रक्टचा आकार) १२ आला पाहिजे.

वजन बदलल्यावर कॉलबॅक (लायब्ररीनं बोलवायचं तुमचं फंक्शन) लावलाय का?

शिरोली_फाटा:
साइझऑफ १२, वजन बरोबर. हो, कॉलबॅक आहे. स्केल_सेट_कॉलबॅकच्या कंसातच सीफंकटाइपमध्ये (पायथन फंक्शन सीला देण्याचं वेष्टन) गुंडाळून दिलाय.

मिसळ_मॅलॉक:
तो आजच बाहेर काढा. कंसातला ऑब्जेक्ट कॉल संपला की पायथन मोडीत काढतं, लायब्ररीकडं मात्र त्याचा पत्ता तसाच राहतो. ती जागा दुसऱ्या कशाला मिळेपर्यंत चालल्यासारखं वाटेल, मग भरल्या काट्यावर प्रोग्रॅम पडेल. सेल्फ.कॉलबॅकमध्ये धरून ठेवा आणि स्केल_क्लोज झाल्यावरच सोडा.