अनुभव धागा: किलाउआ पाहायला मोटारीने जाताना काय बिघडतं?

हवाईच्या मोठ्या बेटावर किलाउआ ज्वालामुखी बघायला मुलाबाळांसह, भाड्याच्या मोटारीने जाणाऱ्यांसाठी हा धागा. सहलीचा विचका लाव्हामुळे क्वचित होतो; होतो तो रस्त्यावर, गाडीत आणि कड्याच्या काठावर. प्रवासवर्णन नको. काय बिघडतं, का बिघडतं आणि तेव्हा काय करायचं, एवढंच लिहा.

*

ब्रेकपासून सुरुवात करते, कारण कुटुंबाने भरलेल्या गाडीला हाच धोका सगळ्यात मोठा. किलाउआ ज्यात आहे त्या राष्ट्रीय उद्यानातला चेन ऑफ क्रेटर्स रोड साधारण 30 किलोमीटरमध्ये 1,100 मीटर उतरून समुद्रापाशी जातो. पाच माणसं आणि सामान घेऊन सतत ब्रेकवर पाय ठेवला की डिस्क तापते आणि पॅडची पकड सुटू लागते. त्यातून ब्रेक ऑइल जुनं असेल तर जास्तच कठीण. डॉट 3 या प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा निकष आहे. हवेतलं पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तोच 140 वर येतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ धरते, पेडल मऊ पडतं आणि तळाला जातं.

उपाय उतार लागायच्या आधीच करायचा. ऑटोमॅटिक गाडी 'एल', '2' किंवा मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे खालच्या गिअरमध्ये टाका, म्हणजे वेग इंजिनच रोखतं. इंजिनचा आवाज वाढेल, वाढू द्या. त्याने इंजिन खराब होत नाही. ब्रेक लागलाच तर थोडा वेळ ठाम दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा. जळका वास आला तर सपाट जागी गाडी बाजूला घेऊन अर्धा तास निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

*

वरच्या प्रतिसादाला जोड. हायब्रिडमध्ये हेच काम गिअरची 'बी' ही स्थिती करतं. इलेक्ट्रिक गाडी मात्र वर, शिखराजवळ पूर्ण चार्ज करून उतारावर नेऊ नका. बॅटरी भरलेली असेल तर उताराची ऊर्जा साठवायला जागाच नसते, रिजनरेटिव्ह ब्रेकिंग (वेग कमी करताना बॅटरी भरणारं) बंद पडतं किंवा फार कमी होतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. 80 टक्क्यांवर थांबा.

पेट्रोलचंही लक्षात ठेवा. त्या रस्त्यावर इंधन, पाणी, खाणं काहीही मिळत नाही आणि परत येताना तेवढाच चढ आहे. मोबाइलची रेंजही भरवशाची नाही.

*

पंक्चर. रस्त्याकडेचा आ-आ प्रकारचा लाव्हा खडबडीत आणि काचेसारखा धारदार असतो. फोटोसाठी चाक डांबरावरून खाली उतरवलं की टायरची बाजूची भिंत कापली जाते. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते. असतो तो द्रवाचा डबा आणि छोटा पंप. तो द्रव टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं खिळ्याएवढं भोक बुजवतो, बाजूची चीर नाही. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच डिकीचा तळ उचलून बघा: स्टेपनी, जॅक, पाना. नसेल तर तिथल्या तिथे दुसरी गाडी मागा.

*

डिसेंबर 2024 पासून किलाउआच्या शिखरावरच्या हालेमाउमाउ विवरात लाव्हाची कारंजी थांबून थांबून उडताहेत. वारा तुमच्या दिशेला असेल तर काचेवर हलकी ज्वालामुखी खडी आणि 'पेलेचे केस' म्हणजे काचेचे बारीक तंतू पडतात. अशा वेळी कोरडा वायपर कधीही चालवू नका, पुढच्या काचेवर कायमचे ओरखडे उठतात. आधी भरपूर पाणी ओतून सगळं वाहून जाऊ द्या, मग वायपर. फडक्याने पुसणंही नको. डोळ्यांत तंतू गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. लेन्स वापरणाऱ्यांनी त्या दिवशी चष्माच लावावा. खडी जोरात पडत असेल तर गाडी चालवत राहू नका, एअर फिल्टर चोंदतो.

*

वायूबद्दल कोणीच लिहिलं नाही. ज्वालामुखीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड एन-95 मास्कने अडत नाही. तो मास्क कणांसाठी आहे. दमेकरी, लहान मुलं, गर्भवती, हृदयविकार असलेले आजीआजोबा यांना सगळ्यात आधी त्रास होतो. घसा खवखवला, डोळे चुरचुरले की काचा वर, एसी 'आतली हवा फिरव' या स्थितीत, आणि तिथून निघा. इन्हेलर हातातल्या पिशवीत हवा, डिकीतल्या बॅगेत नको. ईशान्येचे व्यापारी वारे असले की धूर नैर्ऋत्येला जातो. ते पडले की गणित बदलतं.

*

कारंज्याचा एकेक टप्पा बहुतेकदा दिवसभरही टिकत नाही आणि दोन टप्प्यांत कित्येक दिवस जाऊ शकतात. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनाहून 154 किलोमीटर, दोन ते अडीच तास गाडी हाकून आल्यावर विवर शांत दिसलं तर मुलं हिरमुसतात, म्हणून निघण्याआधी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थेट कॅमेरे बघा. उद्यान 24 तास उघडं असतं. पार्किंग भरतं ते सूर्यास्ताच्या सुमारास, पहाटे या. शिखर सुमारे 1,200 मीटरवर आहे, किनाऱ्यापेक्षा सात-आठ अंश थंड आणि बरेचदा पाऊस. जाड जॅकेट आणि प्रत्येकाला वेगळी टॉर्च.

सगळ्यांत कळकळीने सांगायचं ते हे: गाडीचं दार उघडण्याआधी लहान मुलाचा हात कोण धरणार ते नाव घेऊन ठरवा. 25 डिसेंबर 2024 ला एक छोटं मूल घोळक्यातून निसटून कड्याकडे धावलं होतं. पुढे सुमारे 120 मीटरचा तुटलेला कडा; आईने अगदी काठाजवळ धरलं. कठड्याच्या आत उभं राहा आणि बंद केलेल्या भागात पाऊल टाकू नका, काठाची जमीन पोखरलेली असू शकते.

*

एक राहिलं. नेने नावाचे दुर्मीळ हंस रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली मरतात. त्यांना खाऊ घालू नका, त्यामुळेच ते पार्किंगकडे ओढले जातात. निघताना गाडीखाली वाकून बघा.