वाद्यमेळ लिहिणाऱ्यांबद्दल थोडं

'अलबेला' या हिंदी सिनेमाची (१९५१) गाणी आजही ताजी वाटतात ती फक्त संगीतकार सी. रामचंद्रांच्या चालींमुळे, असं काही जण म्हणतात. चाली अण्णांच्याच, म्हणजे रामचंद्रांच्याच, वाद नाही. पण त्या गाण्यांतला ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाचं नाव या चर्चेत यायलाच हवं: चिक चॉकलेट, मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. याच सिनेमात तो आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो, जरूर बघा.

त्या काळच्या बहुतेक संगीतकारांना पाश्चात्त्य नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, येत नसे. ते पेटीवर चाल सांगत. गोव्याच्या चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली गोव्याची वादक मंडळी ती चाल कागदावर उतरवत, प्रत्येक वाद्यासाठी. व्हायोलिनचा कागद वेगळा, चेलोचा वेगळा, ट्रम्पेटचा वेगळा, सगळं हातानं! शंकर-जयकिशनकडे हे काम वर्षानुवर्षं सेबास्टियन डिसोझांनी केलं. त्यांची गाणी हेडफोन लावून ऐका. गायक गात असताना मागे व्हायोलिन्स वेगळीच सुरावट धरून चालतात आणि तरी गाण्याला कुठे धक्का लागत नाही. मला तर कधीकधी तीच आधी आठवते, शब्द नंतर.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) गाण्यात ते नाव आलं ते त्यांच्यामुळेच. नाहीतर श्रेयनामावलीत या लोकांची नावं क्वचितच दिसायची, आणि याचं मला फार वाईट वाटतं.