एमबीएची गरज नाही, विभाग नीट निवड

एमए मानसशास्त्र झालंय, जाहिरात आणि ग्राहकवर्तनात पीएचडी करायचीय, तर आधी एमबीए करावं का, असा मूळ प्रश्न आहे. त्यावर उत्तरं देणाऱ्या बहुतेकांनी 'कर' म्हटलंय. मला नाही पटत.

अमेरिकेत या दोन विषयांची घरंच वेगळी आहेत. जाहिरात संज्ञापनाच्या (कम्युनिकेशनच्या) विभागात शिकवतात, उदाहरणार्थ ऑस्टिनला टेक्सस विद्यापीठात. ग्राहकवर्तन मात्र बिझनेस स्कूलच्या मार्केटिंग विभागात. तिथे मानसशास्त्रवाले बरेच असतात, एमबीएची सक्ती सहसा नसते, फी माफ होऊन वर विद्यावेतनही मिळतं. संख्याशास्त्र तेवढं पक्कं हवं. आणि मानसशास्त्रातून इकडे येणं काही नवं नाही, वर्तनवादाचा, म्हणजे दिसणाऱ्या वागण्याचाच अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रातल्या पंथाचा, जनक वॉटसन विद्यापीठ सुटल्यावर जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीतच गेला होता.

अर्जात 'मला जाहिरातींची आवड आहे' एवढंच लिहू नकोस, कुणी ढुंकूनही बघणार नाही. एक प्रश्न घेऊन जा. वाण्याच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात ना? आपल्याकडे मिलिलिटरमागे हिशोब केला तर पुडी अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. 'चिक' शाम्पूच्या कंपनीने तर रिकाम्या पुड्या परत घेऊन नवी पुडी फुकट दिली होती! मग परवडत असूनही कोण पुडी घेतं, कोण बाटली, आणि का? हे तू प्रयोगशाळेत तपासणार की लोकांच्या न्हाणीघरापर्यंत जाऊन, ते आधी ठरव. मार्गदर्शक त्यावरूनच शोधावा लागेल. 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये दोन्ही प्रकारचं काम येतं, तिथली नावं बघ.