'फ्लॅश गॉर्डन' (१९८०): हा भडकपणा टिकतो तो कशाच्या बळावर?

रिळवाला:

माइक हॉजेस दिग्दर्शित 'फ्लॅश गॉर्डन' हा चित्रकथेवर बेतलेला अवकाश-साहसपट परवा पुन्हा पाहिला आणि हा चित्रपट अजून टिकून कसा, हा दर वेळचा प्रश्न पुन्हा पडला. तो १९८० च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. त्याच वर्षी मे महिन्यात 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' येऊन गेला होता आणि अवकाशातली लढाई पडद्यावर कशी दिसावी, याविषयीच्या प्रेक्षकांच्या अपेक्षा पक्क्या झाल्या होत्या. असे असताना येथे पंख लावलेले दाढीवाले योद्धे रंगीत ढगांतून तरंगत येतात आणि एका रॉकेटवर तुटून पडतात. नायक फ्लॅशचे नाव त्याच्या टी-शर्टवर मोठ्या अक्षरांत छापलेले असते. आणि खलनायक सम्राट मिंग निव्वळ कंटाळा घालवण्यासाठी पृथ्वीवर संकटे पाठवतो, तीही अशा यंत्रावरून, ज्याच्या बटणांवर 'भूकंप', 'तप्त गारा' असे चक्क इंग्रजीत लिहिलेले आहे.

या सगळ्याला 'कॅम्प' म्हणण्याची पद्धत आहे, म्हणजे अतिरेक, कृत्रिमता आणि नाटकीपणा यांतच रस घेणारी अभिरुची. माझे म्हणणे असे की, हा चित्रपट टिकला तो त्यातल्या नटांनी प्रेक्षकांकडे पाहून एकदाही डोळा मिचकावला नाही म्हणून. माक्स फॉन सिडो यांनी 'द सेवन्थ सील'मध्ये मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार रंगवला होता, १९६५ मध्ये येशूही साकारला होता; मिंगच्या भरजरी लाल झग्यातही ते तितक्याच गांभीर्याने वावरतात. नायिका डेलशी मिंगचे लग्न लागते तो प्रसंग आठवा. वधूला अवकाशात भिरकावून देणार नाहीस ना, असे पुरोहित शपथेच्या ओघात विचारतो. मिंग नुसता त्याच्याकडे पाहतो. तेव्हा 'निदान तिचा कंटाळा येईपर्यंत' अशी पुस्ती पुरोहित घाईघाईने जोडतो. ती नजर जर विनोदी नटाची असती, तर आपण एकदा हसून विसरून गेलो असतो.

ब्रायन ब्लेस्ड यांचा पंखधारी योद्ध्यांचा राजा व्हल्टन, टिमथी डाल्टन यांचा राजपुत्र बॅरिन, टोपोल यांचे शास्त्रज्ञ डॉ. झारकोव्ह यांच्याबाबतही हेच म्हणता येईल. ब्लेस्ड तर 'गॉर्डन जिवंत आहे?' एवढे एकच वाक्य अशा काही गर्जनेत म्हणतात, की पुढे आयुष्यभर लोक त्यांना तेच वाक्य म्हणून दाखवायला सांगत राहिले.

साशंक:

आपण दिलेले उदाहरणच आपल्याविरुद्ध जाते. बटणावर 'तप्त गारा' असे लिहिणे हे डोळा मिचकावणे नव्हे, तर दुसरे काय आहे? पटकथाकार लोरेन्झो सेम्पल हे १९६६ च्या 'बॅटमॅन' दूरचित्रवाणी मालिकेचे लेखक. थट्टा हाच त्यांचा हातखंडा होता. चित्रपट विनोदी करण्याचा निर्णय ही चूक होती, असे पुढे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे.

अमेरिकी लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शुद्ध कॅम्प हा नेहमी भाबडा असतो, असे म्हटले आहे. जाणूनबुजून केलेला कॅम्प त्यांना सहसा कमी समाधान देणारा वाटतो. या कसोटीवर मला दिग्दर्शक एड वुड यांचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' खरा वाटतो. त्यातले नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारले, तर वुड यांनी त्यांची आधी घेतलेली थोडीशी दृश्ये वापरली आणि उरलेल्या भागात दुसऱ्याच माणसाला झग्याने तोंड झाकून उभे केले. त्या माणसाची उंची, बांधा, काहीच जुळत नाही. पण वुड यांना आपण उत्तम चित्रपट करतो आहोत याची मनोमन खात्री होती. तेथे हसताना आपल्याला थोडी माया वाटते. येथे मात्र डिनो डे लॉरेंटिस यांच्यासारखा बडा निर्माता पैसा ओतून 'आमच्यावर हसा' असे सांगतो आणि आपण आज्ञाधारकपणे हसतो.

आणि टिकण्याचेच म्हणाल, तर ते श्रेय संगीत देणाऱ्या 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचे आहे. त्यांचे गिटारवादक ब्रायन मे यांचे शीर्षकगीत ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेले होते. ते काढून घ्या आणि मग पाहा किती उरते. नायकाविषयी तर बोलायलाच नको. सॅम जोन्स यांचे निर्मात्याशी बिनसले, ते डबिंगला परतले नाहीत आणि त्यांचे बरेचसे संवाद दुसऱ्याच्या आवाजात ऐकू येतात.

पडद्यामागे:

संगीत आणि अभिनय यांच्या भांडणात दानिलो दोनाती यांचे नावच कोणी घेतलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. वेशभूषा आणि नेपथ्य दोन्ही त्यांचे. 'रोमिओ अँड ज्युलिएट' आणि फेलिनी यांचा 'कॅसानोव्हा' या चित्रपटांच्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले होते. त्यांनी भविष्यकाळ कसा असेल याचा विचारच केला नाही. १९३४ पासून वृत्तपत्रांच्या रविवारच्या पानांवर अॅलेक्स रेमंड 'फ्लॅश गॉर्डन'च्या मूळ चित्रकथेत जे रंगवत होते, ते सोने, शेंदरी लाल आणि पिसे यांसकट पडद्यावर आणले. आकाशातले ते ढगही पाण्याच्या टाकीत रंग सोडून चित्रित केलेले आहेत, म्हणूनच ते कोणत्याही खऱ्या ढगांसारखे दिसत नाहीत.

छायाचित्रणकार होते गिल्बर्ट टेलर, ज्यांनी तीनच वर्षांपूर्वी 'स्टार वॉर्स' चित्रित केला होता. (जॉर्ज लुकास यांना आधी 'फ्लॅश गॉर्डन'च करायचा होता, हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःचे विश्व रचले.) तेव्हा येथला भडकपणा कोणाला काही जमले नाही म्हणून आलेला नाही. भविष्याचे भाकीत करणारे विज्ञानपट दहा-वीस वर्षांत खोटे ठरतात आणि त्यांचे संगणक पाहून आपल्याला हसू येते. ज्याने भाकीतच केले नाही, तो जुना कशाने होणार?

रिळवाला:

साशंक, बटणाचा मुद्दा मान्य आहे. तेथे मी घाईने लिहिले. पण म्हणूनच मला आता वाटते की, गंमत ओढाताणीत आहे. लेखक थट्टेकडे ओढतो, दोनाती महाकाव्याकडे ओढतात आणि 'गेट कार्टर'सारखा कोरडा, क्रूर गुन्हेपट केलेले हॉजेस मध्ये उभे आहेत. झारकोव्हची स्मृती पुसतात तो प्रसंग पाहा. त्याचे आयुष्य उलट्या क्रमाने पडद्यावर सरकत जाते, त्यात हिटलर दिसतो आणि सोनेरी मुखवट्याआडून मिंगचा हस्तक क्लायटस कौतुकाने म्हणतो की, याच्याकडून मात्र आशा होत्या. वाक्य विनोदी आहे, पण पीटर विंगार्ड यांनी ते इतक्या थंड स्वरात म्हटले आहे की, हसू येता येता अडकते. सोंटॅग यांच्या दोन खणांपैकी हे कोणत्या खणात टाकायचे?

बिनतोड:

चित्रपट कशामुळे टिकला याची चर्चा चालू आहे. तो जसाच्या तसा टिकावा का, हे कोणी विचारत नाही. मिंग हे नाव, त्या लांब लोंबत्या मिशा, क्रूर पौर्वात्य सम्राटाचे ते सोंग, हे सगळे १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत आशियाई लोकांविषयी जी भीती पसरवली जात होती, तिच्यातून आलेले आहे. १९३६ च्या भागाभागांनी दाखवलेल्या चित्रपटमालिकेत एका गोऱ्या अमेरिकी नटाने ती भूमिका केली, १९८० मध्ये एका स्वीडिश नटाने. २०२० मध्ये चित्रपटाची नवी प्रत आली, तेव्हा ब्रिटनच्या प्रमाणन मंडळालाही वांशिक साचेबंद चित्रणाविषयी सूचना जोडावीशी वाटली. फॉन सिडो यांच्या गांभीर्याचे कौतुक करताना ते गांभीर्य कशाला बहाल केले आहे, हेही पाहावे. 'हे तर कॅम्प आहे' असे म्हटले की सगळे माफ होते, ही सोय मला खटकते.

रिळवाला:

बिनतोड, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते आहे असे भासवणेही बरे दिसणार नाही. एवढेच म्हणतो की, पडद्यावरचा मिंग मला कोणत्याही देशाचा न वाटता छापील कागदाचा वाटतो. पण तो कागद कोठे आणि कशासाठी छापला गेला, हा आपला प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

साशंक:

क्वीनविषयी मी जे बोललो होतो, त्याची परीक्षा काल रात्री स्वतःच घेतली आणि दोन प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहिले. पहिला मिंगच्या दरबारातल्या मारामारीचा, ज्यात फ्लॅश धातूचा गोळा काखेत धरून अमेरिकी फुटबॉल खेळावा तसा पहारेकऱ्यांना धडका देत सुटतो आणि शेवटी झारकोव्हनेच मदतीसाठी फेकलेला गोळा डोक्याला लागून आडवा होतो. संगीत नसताना तो प्रसंग केवळ पोरकट वाटला. गाडी क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्या सुरावटीवरच चालली होती, हे मी आता ठामपणे म्हणतो.

दुसरा लग्नाचा. शब्द ऐकू येत नव्हते, ब्रायन मे यांच्या गिटारवरचे लग्नगीतही नव्हते. फॉन सिडो यांनी सावकाश मान वळवून पुरोहिताकडे पाहिले आणि मी एकटाच मोठ्याने हसलो.