'रसग्रहण' म्हणजे नेमकं काय ग्रहण करायचं?

दहावीत वर्षभर हा शब्द लिहिला. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे परिच्छेद पाडले की झालं रसग्रहण. आता अकरावीत आहे, परीक्षेची घाई नाही, आणि आत्ता कुठे हा शब्द मला छळायला लागलाय.

लहानपणी 'ग्रहण' म्हटलं की सूर्य-चंद्रच आठवायचे. मूळ धातू ग्रह्, म्हणजे धरणं, घेणं. पाणिग्रहणातला आणि ग्राहकातलाही तोच. मग रसग्रहण म्हणजे रस काढून घेणं? चरकातून ऊस काढला की चिपाड उरतं. उत्तर लिहून झाल्यावर कविता मला खरंच तशी दिसायची.

मागच्या महिन्यात मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीत एका चित्रापुढे उभी होते. हिरव्यावर पिवळट हिरवा, मधून एक पांढरी रेघ. बाकी काही नाही. 'कळलं' असं काहीच नाही, पण तोंडाला पाणी सुटलं, कैरीची फोड दाताखाली यावी तसं. याला काय म्हणायचं? 'आवडलं' फार लहान पडतं. 'भावलं' मनापुरतं. 'भिडलं'मध्ये टक्कर आहे, ती इथे नव्हती.

प्रतिसाद :

तुझ्या तोंडाला पाणी सुटलं ते शब्दाला धरूनच आहे. रस म्हणजे चव, रसना म्हणजे जीभ. नाट्यशास्त्र या जुन्या संस्कृत ग्रंथात रस समजावताना भरतमुनींनी स्वयंपाकाचाच दाखला दिलाय : नाना पदार्थ एकत्र येऊन जशी चव तयार होते, तसा भावांच्या संयोगातून रस. त्या ग्रंथाचा भाष्यकार अभिनवगुप्त रसाच्या 'चर्वणे'बद्दल बोलतो, म्हणजे चघळणं. आपल्या बोलण्यात त्यातलं 'चर्वितचर्वण' तेवढं उरलं, तेही कंटाळ्याच्या अर्थाने, याचं मला वाईट वाटतं.

उलट समीक्षा, परीक्षण, निरीक्षण यांत 'ईक्ष्' आहे, पाहणं. पाहायला लांब उभं राहिलं तरी चालतं, चव घ्यायला जिभेवर ठेवावंच लागतं. म्हणून तुझ्या अनुभवाला मी 'आस्वाद' म्हणेन.

मूळ लेखिका :

समीक्षा डोळ्याची आणि आस्वाद जिभेचा, हे मला कुणी वर्गात सांगायला हवं होतं! काल रात्री आजीची ज्ञानेश्वरी काढली. सहाव्या अध्यायातलं 'अमृतातेंही पैजा जिंके' पाठ होतं, पण पुढच्या 'ऐसीं अक्षरें रसिकें'वर कधी थांबलेच नव्हते. मैफिलीत निवेदक 'रसिकहो' म्हणतात, त्यामुळे रसिक म्हणजे ऐकणारा असंच डोक्यात. इथे तर अक्षरंच रसिक आहेत! रसिक हे अक्षरांचं विशेषण, रसाळ या अर्थी.

आणि लगेच पुढे 'श्रवणींचि होति जिभा'. रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतात, आणि इंद्रियांमध्ये 'कळंभा' लागतो. कळंभा म्हणजे भांडण. 1290 साली लिहिलेलं हे वाचून मी अंथरुणात उठून बसले. त्या हिरव्या चित्रापुढे माझ्या डोळ्यांना जिभा फुटल्या होत्या. 'आस्वाद' पटला, पण त्यात हा कळंभा नाही.

एक विचारायचं राहिलं. अक्षरांना, वस्तूंना रसिक म्हणणं तुमच्याकडच्या बोलीत अजून आहे का? गाण्याला, जेवणाला, कशालाही? असेल तर पूर्ण वाक्य लिहा, म्हणजे ते कसं बोलतात ते ऐकू येईल.