उबुंटू, विंडोज आणि मॅक: तिन्हींना चालेल असा घरगुती नॅस कसा निवडावा?

प्रश्न (वेंगुर्ले)

नमस्कार. आमच्या घरी माझ्या लॅपटॉपवर उबुंटू, भावाकडे विंडोज ११ आणि मुलीकडे मॅकबुक आहे. जत्रांच्या हंगामात मी दशावताराचे प्रयोग संकासुराच्या प्रवेशापासून पहाटेपर्यंत चित्रित करतो, त्यामुळे एकेका रात्रीच्या फाइली १०० जीबीच्या घरात जातात. हे सारे सध्या एका यूएसबी हार्ड डिस्कवर आहे. पण ती एनटीएफएस या विंडोजच्या फाइल प्रणालीत (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) फॉरमॅट केलेली असल्याने मॅकवर फाइली उघडतात, मात्र नवीन काही साठवता येत नाही. म्हणून राउटरला जोडून ठेवता येईल असा नॅस (घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) घेण्याचा विचार आहे. तो तिन्ही प्रणालींना चालेल याची खात्री कशी करावी?

उत्तर (रत्नागिरी)

यूएसबी डिस्क संगणकाला थेट जोडली जाते, तेव्हा तिच्यावरची फाइल प्रणाली त्या संगणकालाच वाचावी लागते. तुमची अडचण तिथे आहे. नॅस हा मात्र स्वतःच एक छोटा संगणक असतो, बहुधा लिनक्सवर चालणारा. आतल्या डिस्क तोच सांभाळतो आणि बाकीचे संगणक त्याच्याकडे एसएमबी या फाइल देवाणघेवाणीच्या प्रोटोकॉलने केवळ फाइल मागतात, त्यामुळे आत ईएक्सटी४ ही फाइल प्रणाली आहे की बीटीआरएफएस, याच्याशी मॅकला किंवा विंडोजला काही देणेघेणे नसते. विंडोजमध्ये एसएमबी मुळातच आहे, ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून आपल्या एएफपी प्रोटोकॉलऐवजी त्यालाच पहिली पसंती दिली आणि उबुंटूत सांबा या सॉफ्टवेअरमुळे ते चालते. एसएमबी ३ आणि, मुलीच्या बॅकअपसाठी, टाइम मशीनची (मॅकच्या स्वतःच्या बॅकअप व्यवस्थेची) सोय आहे एवढे पाहून घ्या. एसएमबी १ मात्र बंदच ठेवा, कारण २०१७ मध्ये खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस त्यातल्याच त्रुटीतून पसरला.

खरी काळजी फाइलींच्या नावांची घ्यावी लागेल. उबुंटूत ‘रात्र १०:३०’ असे नाव चालते, पण इंग्रजी कळफलकावरचे ते अपूर्णविरामाचे चिन्ह विंडोजला नावात चालत नाही. मराठी नावांत आणखी एक बारीक अडचण आहे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे सुटे साठवले जाते, तर विंडोजवर किंवा लिनक्सवर टंकलेला ‘ऱ’ सहसा एकसंध राहतो. त्यामुळे दोन्ही प्रकारची नावे जशीच्या तशी नॅसवर आली, तर ‘दुसऱ्या रात्रीचा प्रयोग’ या नावाच्या, दिसायला तंतोतंत सारख्या दोन फाइली शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात. त्यांपैकी एक पुसण्यापूर्वी दोन्ही उघडून पाहा.

उत्तर (चिपळूण)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु कोकणात नॅसला सर्वांत मोठा धोका विजेचा आणि पाण्याचा आहे, हे खरेदीच्या आधीच लक्षात घ्यावे. लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल प्रणालीच बिघडू शकते. म्हणून यूपीएस घ्या, आणि तोही यूएसबी वायरने नॅसला जोडता येणारा, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून व्यवस्थित बंद होईल. अर्थिंग तपासून घ्या. पावसाळ्यात नॅस बंद कपाटात कोंडून ठेवू नका. चालू यंत्र थोडे उबदार राहते, त्यामुळे त्यावर दमट हवेतले पाणी सहसा धरत नाही.

दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी रेड-१ ही व्यवस्था एक डिस्क बिघडली तर उपयोगी पडते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी आमच्या शहरात घरादारांत शिरले. अशा वेळी एकाच पेटीतल्या दोन्ही डिस्क बुडतात. दशावताराचे असे चित्रण पुन्हा करता येत नाही; कृपया एक प्रत दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवाच.

उत्तर (अलिबाग)

राउटरचे पोर्ट कोणत्या वेगाचे आहे ते आधी पाहा. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर तुमच्या १०० जीबीला अडीच तास लागतील, गिगाबिटवर साधारण पंधरा मिनिटे. डिस्क सीएमआर पद्धतीची (माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) घ्या. वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस किंवा सीगेटची आयर्नवुल्फ चालेल.

प्रश्नकर्ता (वेंगुर्ले)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या गावी ठेवायची डिस्क कोणत्या फॉरमॅटमध्ये असावी?

उत्तर (रत्नागिरी)

एक्सफॅट घ्या. विंडोज आणि मॅक दोन्हींवर ते लिहिता-वाचता येते आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून त्याची सोय आहे. फॅट३२ नको, कारण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय) नसल्यामुळे डिस्क ‘इजेक्ट’ केल्याशिवाय काढू नका, आणि नक्कल झाल्यावर दोन-तीन मोठ्या फाइली शेवटपर्यंत चालवून पाहा.